एम.प्लॅनची इंटर्नशिप आणि थिसिस एकत्र कसं जुळवायचं

एम.प्लॅन म्हणजे मास्टर ऑफ प्लॅनिंग, नगररचनेची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं, चार सेमिस्टर. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सेमिस्टरनंतर उन्हाळ्यात इंटर्नशिप आणि शेवटी थिसिस. मुलं या दोन वेगळ्या भानगडी समजतात आणि मग ऐन थिसिसच्या वेळी डेटा मिळत नाही म्हणून धावपळ. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी विषय ठरवा आणि मगच इंटर्नशिप शोधा.

सगळ्यात आधी सिलॅबस काढून बघा, किती आठवडे, किती क्रेडिट, रिपोर्ट कधी. कॉलेजागणिक नियम वेगळे असतात, सीनियरने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

विषय छोटा घ्या. "पुण्याचा पाणीप्रश्न" नको, त्यापेक्षा २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एखादं गाव घ्या आणि तिथल्या सोसायट्यांना पाणी कुठून मिळतं ते बघा, नळ, बोअर की टँकर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, २०११ च्या जनगणनेत ही गावं पुणे शहराच्या वॉर्डांत सापडणार नाहीत, तेव्हा ती शहरात नव्हतीच, त्यामुळे हवेली किंवा मुळशी तालुक्याच्या यादीत शोधायची.

आता जागा. कन्सल्टंटकडे जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशाकाम) आणि ड्रॉइंगवर हात बसतो, पण फाइल टेबलावरून टेबलावर कशी जाते हे महापालिका, नगररचना कार्यालय किंवा पीएमआरडीएतच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणातच) कळतं. मी सरकारी ऑफिसच सुचवीन. एचओडीचं पत्र घेऊन स्वतः जा, आवक विभागात द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर मारून घ्याच, पुढच्या वेळी "पत्र कुठंय" विचारलं की तो नंबरच कामाला येतो.

तिथे गेल्यावर विद्यमान जमीन वापराच्या सर्व्हेत जायला मिळालं तर सोडू नका. एमआरटीपी ॲक्ट १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) प्रमाणे डीपीच्या, म्हणजे विकास आराखड्याच्या, आधी सध्या कुठली जमीन कशासाठी वापरात आहे याचा नकाशा करावाच लागतो. नकाशात घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, पण रस्त्यावर खाली किराणा, वर क्लास, त्याच्यावर घरमालक राहतो, म्हणून मजल्यानुसार नोंद करा नाहीतर सगळंच पिवळं होऊन बसतं. डीपीवरच्या हरकती-सूचनांची सुनावणी असेल तर परवानगी काढून मागे बसा. लोक सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन येतात, आरक्षण पडलं, म्हणजे जागा रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, की एखाद्या घराचं नक्की काय होतं ते तिथे समोर दिसतं, हे वर्गात शिकवून येत नाही.

डायरी रोजच्या रोज लिहा.

निघायच्या आठवड्यात सर्टिफिकेटसोबत आणखी एक पत्र मागा, कुठला डेटा थिसिसमध्ये वापरायला परवानगी आहे ते लेखी. साहेबांची बदली झाली की तोंडी परवानगीला कोणी विचारत नाही. आणि थिसिसची प्रश्नावली मराठीतच करा, आधी दहाएक घरांत विचारून बघा, जो प्रश्न लोकांना दोनदा समजावून सांगावा लागतो तो बदला, मगच मोठा सर्व्हे सुरू करा.