ग्रीक-रोमन कला शिकताय? एट्रस्कन भाग सोडू नका

आर्ट हिस्ट्रीला नवीन असाल तर एट्रस्कन (रोमनांच्या आधी मध्य इटलीत राहणारे लोक) चॅप्टर अर्ध्या पानात उरकायचा मोह होतो, पण प्लीज तसं करू नका, कारण मला रोमन देवळं खरी कळली ती ग्रीक, एट्रस्कन नि रोमन अशा तिन्हींचे प्लॅन हाताने शेजारी शेजारी काढल्यावर.

अथेन्सचं ग्रीक देऊळ पार्थेनॉन घ्या (इ.स.पू. ४४७-४३२), चारही बाजूंनी पायऱ्या, चारही बाजूंनी खांब, समोर ८ आणि लांबीला १७, म्हणजे भोवती फिरून बघायचं देऊळ. एट्रस्कन देऊळ उंच दगडी जोत्यावर, पायऱ्या फक्त समोरून, पुढे खोल ओसरी, मागे बऱ्याचदा तीन गाभारे, आणि वरचं सगळं लाकूड, कच्च्या विटा नि टेराकोटा (भाजलेली माती), त्यामुळे आज नुसती जोतीच उरलीत. आता फ्रान्समधल्या नीम शहरातलं रोमन देऊळ मेझों कारे बघा, जोतं, ओसरी, समोरच्या पायऱ्या एट्रस्कन वळणाच्या, खांब ग्रीकांकडून आलेले कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले), आणि बाजूचे बरेचसे खांब तर भिंतीत अर्धे बसवलेत, निव्वळ शोभेला!

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे इटलीतल्या चेर्वेतेरीला सापडलेली एट्रस्कन नवरा-बायकोची टेराकोटा शवपेटी, साधारण इ.स.पू. ५२० ची, रोमच्या व्हिला जुलिया म्युझियममध्ये आहे. दोघं एकाच आसनावर रेललेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, हातांच्या हालचालीवरून गप्पा रंगल्यात असंच वाटतं. ग्रीक मेजवानीत घरची बायको अशी बसत नसे, त्यामुळे समाजाचा फरक इथे थेट दिसतो, उत्तरात हे नक्की लिहा.

रोमनांचं स्वतःचं मोठं काम काँक्रीटमध्ये आहे. रोममधल्या पँथिऑन देवळाचा घुमट ४३ मीटरहून रुंद, आत लोखंडी सळी नाही, वर जाल तसा मालही हलका होत जातो.

शिल्पांच्या नोट्समध्ये मात्र दोन तारखा लिहायची सवय लावा, मूळ कधीचं आणि हातातली प्रत कधीची. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसचा भालाधारी मूळचा ब्राँझचा, तो हरवलाय, आपण फोटोत बघतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती, पायाला टेकलेला झाडाचा बुंधा दगडाचं वजन पेलायला घातलेला.

आणि कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉल म्युझियममधली ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची (ग्रीक समुद्रदेव) छोटी ब्राँझ मूर्ती बघाच, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या काळातली आहे, तिची उभं राहायची ढब वहीत स्केच करा.