सहज निघणारी तंबूची मेख: आकार कसा ठरवावा आणि कशी करून घ्यावी

तंबूची मेख ठोकताना ती किती घट्ट बसेल याचाच विचार बहुतेक जण करतात, आणि सकाळी तंबू गुंडाळताना तीच मेख जमिनीतून काढायची आहे हे तोपर्यंत कोणाच्या मनात आलेले नसते. मीही त्यातलाच. घराच्या बांधकामातून उरलेल्या 12 मिलिमीटर जाडीच्या टीएमटी सळईचे तुकडे कापून मी माझ्या पहिल्या मेखा केल्या होत्या. पावसाळ्यानंतरच्या ओल्या काळ्या रानात त्या रात्रभर उत्तम टिकल्या आणि सकाळी त्यांतल्या तीन पहार आणल्याशिवाय निघाल्या नाहीत. दोष जमिनीचा नव्हता. टीएमटी सळईवरच्या आडव्या धारा काँक्रीटने तिला पकडून ठेवावे यासाठीच असतात, आणि मातीनेही तेच काम चोख केले होते.

मेखेचा आकार ठरवण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तंबूचा तणावा, म्हणजे ताणाचा दोर, मेखेला आडवा ओढतो. आपण ती काढताना मात्र तिच्या लांबीच्या दिशेने ओढतो. आडव्या ओढीला मेखेसमोरची माती अडवते आणि तिथे मेखेची रुंदी व लांबी कामी येते. उभ्या ओढीला मेखेच्या सगळ्या अंगाला चिकटलेल्या मातीचे घर्षण अडवते. दोन्ही विरोध वेगवेगळ्या दिशांचे असल्यामुळे एक कायम ठेवून दुसरा कमी करता येतो, आणि सहज निघणाऱ्या मेखेची सगळी रचना याच फटीत बसवायची असते.

आता छेदाचा, म्हणजे मेख आडवी कापल्यास दिसणाऱ्या आकाराचा, निर्णय घ्यावा. फॅब्रिकेशनच्या दुकानात सहज मिळणारी 25 मिलिमीटरची अँगल पट्टी, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, पुष्कळ जण वापरतात. जमिनीत 20 सेंटीमीटर गेलेल्या अशा पट्टीचे आतून-बाहेरून मिळून सुमारे 200 चौरस सेंटीमीटर अंग मातीला लागलेले असते. तेवढ्याच खोलीच्या 8 मिलिमीटर गोल दांड्याचे जेमतेम 50. भुसभुशीत मातीत अँगलची रुंदी उपयोगाची आहे हे खरे, पण काढताना चौपट अंगाचे घर्षण सोसावे लागते आणि कोनात दाबून बसलेली माती ढेकळासकट वर येते. शिवाय अँगल जमिनीत फिरवता येत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा दोष आहे.

फिरवण्याचे महत्त्व सायकलच्या हँडलवरची रबरी मूठ काढून पाहिली की कळते. नुसती ओढली तर ती हलत नाही, पण पिळत ओढली की चटकन येते. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट दिशेला लागते; वस्तू स्वतःभोवती घसरू लागली की त्याचा बहुतेक जोर त्या फिरण्यालाच विरोध करण्यात खर्च होतो आणि लांबीच्या दिशेला थोडाच उरतो. त्यात आडव्या दांडीची तरफ मिळाली तर काम आणखी हलके होते. 4 मिलिमीटर त्रिज्येच्या मेखेला मध्यापासून 10 सेंटीमीटरवर हाताने जोर लावला, तर अंगावरच्या घर्षणाविरुद्ध तो पंचवीस पट होऊन पोहोचतो. म्हणून मेख गोलच असावी आणि तिच्या माथ्यात आडवी दांडी घालण्याची सोय असावी.

गोल असली तरी ती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची नसावी. सारख्या जाडीची मेख बाहेर पडेपर्यंत भोकाच्या भिंतींना घासत राहते. निमुळत्या मेखेचे तसे होत नाही. माथ्याशी 10 आणि टोकाशी 4 मिलिमीटर व्यास असलेली, 20 सेंटीमीटरमध्ये एकसारखी निमुळती होत गेलेली मेख फक्त 2 सेंटीमीटर वर आली, तरी तिच्या चहूबाजूंनी 0.3 मिलिमीटरची फट पडते. पहिला हिसका जड जातो, पुढचे हाताने उचलता येते. अर्थात ही सोय वाऱ्यालाही तितकीच उपलब्ध असते, म्हणजे वाऱ्याने मेख 2 सेंटीमीटर उचलली की तीही सुटलीच. त्यावरचा उपाय ठोकण्याच्या कोनात आहे आणि तो पुढे येतोच. टोक सुईसारखे करू नये. मुरुमात खडा लागला की अणकुचीदार टोक वळते, आणि वाकडी मेख काढणे हे गोल भोकातून हूक ओढण्यासारखे असते. 4 मिलिमीटरचे टोक किंचित गोलसर घासलेले पुरते.

माथ्यासाठी मी बरेच प्रकार करून पाहिले आणि शेवटी बंद कडीवर स्थिरावलो. बाजारी मेखांचा उघडा आकडा हातोडीखाली उघडत जातो, तर दांड्याला भोक पाडले तर 10 मिलिमीटर जाडीत भोकाच्या दोन्ही बाजूंना इतके थोडे लोखंड उरते की पिळताना तिथेच तुटण्याची धास्ती वाटते. दांड्याचे टोक लाल करून 12 मिलिमीटर आतल्या व्यासाची कडी वळवावी आणि तिचे तोंड वेल्डिंगने बंद करावे. कडीचा मध्य दांड्याच्या रेषेवर आणून बसवणे मात्र अत्यावश्यक आहे. ती एका बाजूला कलली असेल तर ठोकतानाही मेख वाकते आणि ओढतानाही. अशी कडी हातोडीचा घाव झेलते, खाली अडकवलेला दोर निसटू देत नाही, आणि तिच्यातून दुसरी मेख आडवी घातली की तीच पिळायची मूठ होते, त्यामुळे वेगळे हत्यार बाळगावे लागत नाही. पहिली मेख काढण्यासाठी एक जादा मेख जवळ असावी, एवढेच.

लोहाराकडे जाताना 10 मिलिमीटर एमएस राउंड बारचे, म्हणजे साध्या पोलादाच्या गोल दांड्याचे, प्रत्येकी 20 सेंटीमीटरचे तुकडे कापून न्यावेत. वर 2 सेंटीमीटर सरळ मान, खाली 20 सेंटीमीटर निमुळते अंग आणि त्यावर कडी एवढी मेख आखूड तुकड्यातून कशी निघेल, अशी शंका येईल. पण निमुळते करताना लोखंड कमी होत नाही, ते लांबते, आणि त्या 20 सेंटीमीटर अंगाला मूळ दांड्यातले साधारण साडेदहाच सेंटीमीटर लागतात. कडीला 7 सेंटीमीटर धरावेत, म्हणजे ऐरणीवर थोडे इकडेतिकडे करायलाही जागा उरते. वजनाचा हिशेब लोखंडवाल्यांच्या नेहमीच्या सूत्राने करता येतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे मीटरला किलो. 10 मिलिमीटरला ते 0.617 येते, त्यामुळे एक मेख सुमारे 125 ग्रॅम आणि दहा मेखा सव्वा किलो. गाडीतून तंबू नेणाऱ्या कुटुंबाला हे चालेल. पाठीवर ओझे घेऊन गड चढणाऱ्याने 8 मिलिमीटरचा दांडा आणि थोडी कमी लांबी घ्यावी. ॲल्युमिनिअमचे वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके भरते, पण ते गावच्या भट्टीवरचे काम नव्हे.

मेखा थंड झाल्यावर त्यांच्यावरची काळी खपली कानशीने काढावी आणि पॉलिश पेपर अंगाच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, आडवा नव्हे. गंजलेला खरबरीत पृष्ठभाग मातीला चांगलाच धरतो, म्हणून वापरानंतर मेखा पुसून त्यांना तेलाचा हात लावावा. अंगाला रंग देऊ नये, कारण तो पहिल्याच मुरुमात खरवडून जातो. कडीला मात्र भडक केशरी रंग द्यावा. गवतात राहून गेलेली मेख पुढे कोणाच्या तरी गुराच्या खुरात जाते.

ठोकताना मेखेचा माथा तंबूपासून बाहेर कललेला असावा आणि तणावा तिच्याशी जवळजवळ काटकोन करून यावा. असे केल्याने दोराची ओढ जवळजवळ पूर्णपणे आडवी पडते, मेख वर उचलणारा अंश उरत नाही, आणि निमुळत्या आकाराचा धोका तिथेच संपतो. दोर मानेवर, जमिनीलगत असावा. तो वर राहिला तर तीच मेख स्वतःवर तरफ चालवून माती सैल करते. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात, पण मेखेच्या बाबतीत ही म्हण पाळू नये, कारण प्रत्येक हलवण्यागणिक भोक रुंदच होत जाते.

काढताना आधी तणावा सैल करून मेखेवरून उतरवावा. दोराला धरून मेख उपसण्याची सवय दोर आणि मेख दोन्ही खराब करते. मग कडीत दुसरी मेख घालून आधी पाव वळसा उजवीकडे, मग डावीकडे असा पीळ द्यावा आणि पिळतच मेख कललेल्या दिशेने, म्हणजे तिच्याच रेषेत, वर ओढावी. सरळ आभाळाकडे ओढणे ही नेहमीची चूक आहे. ओल्या काळ्या मातीत घाई करू नये: ही माती पाण्याने फुगून मेखेला आवळते, आणि झटका दिला तर टोकाखाली पोकळी होऊन ती मेखेला उलट खाली ओढते. सावकाश पिळले की बाजूने हवा आत शिरते. कोरड्या, टणक जमिनीत मेखेभोवती अर्धा पेला पाणी ओतून तंबू गुंडाळेपर्यंत थांबावे.

दहा मेखा करून घेण्यापूर्वी एकच करून परसात तिची परीक्षा घ्यावी. ती ठोकून भोवती पाणी शिंपडावे आणि रात्रभर ठेवावी. सकाळी प्रवासी बॅग तोलायचा काटा मानेला अडकवून आडवा ओढावा आणि माथा एक सेंटीमीटर सरकताना काट्यावर किती किलो दिसतात ते टिपावे. नंतर ती दुसऱ्या जागी तशीच ठोकून, रात्र जाऊ देऊन, पीळ दिल्यावर कडीला काटा लावून तिच्या रेषेत ओढून पाहावे. पहिला आकडा दुसऱ्याच्या कित्येक पट यायला हवा. पहिलाच कमी आला तर मेख लांब करावी, जाड नव्हे. दुसरा जास्त आला तर बहुधा अंग वाकडे किंवा खरबरीत राहिलेले असते, तेव्हा कानस पुन्हा हातात घ्यावी.

कोकणातल्या पुळणीवर मात्र ही मेख नेऊ नये. तिथे ती सहज निघते, पण रात्रीच. वाळूत कापडी पिशवी भरून तिला दोर बांधावा आणि ती दोन वीत खोल आडवी पुरावी. सकाळी वरची वाळू सारून पिशवी रिकामी केली की दोर आणि पिशवी दोन्ही हाती येतात.