मोठा आकडा नको, पक्का आकडा हवा

जळगावात घरांचे सौदे जुळवून माझं पोट भरतं. महाबळ-पिंप्राळ्यात एका रो-हाउसमागे चार गिऱ्हाईकं लागली, की मालक बहुधा पैसे नक्की देणाऱ्याला होकार देतो, मग त्याचा आकडा थोडा कमी का असेना.

म्हणून घरं बघत फिरण्याआधी बँकेचं मंजुरीपत्र काढा. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या फार तर ९० टक्के देते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०. ती किंमतही बँकेचा व्हॅल्युअर धरेल ती. चढाओढीत वाढवलेले दोन लाख बहुतेक तुमच्याच खिशातून जातात, त्यामुळे शेवटचा आकडा घरीच ठरवून निघा. खरेदी घरातल्या बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी लागतं. ४० लाखांच्या घराला ४० हजार वाचतात, तेवढे बोलीत घालता येतात.

आकडा बोलण्याआधी मालकाचं काय अडलंय ते काढून घ्या. रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना घर विकत होते. एकाने ४२ लाख सांगितले, "पण नाना, कापूस विकला की देतो." दुसऱ्याने ४१ म्हणत मंजुरीपत्र आणि दोन लाखांचा चेक टेबलावर ठेवला. नानांना पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा होता. त्यांनी चेकवरची तारीख चष्मा लावून दोनदा वाचली आणि आतून चहा मागवला. मी समजलो.

इसार म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. तिच्या पावतीत चेक नंबर, खरेदीखताची तारीख आणि "कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत" हे लिहून घ्याच. मालक कुरकुरतो, पण मंजुरीपत्र समोर असलं की ऐकतो. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा) घाईत सोडू नका. दलाल "नंतर बघू" म्हणाला तर दलाल बदला. २० हजार किंवा जास्त रोख मागितली तर सांगा, आयकर कायद्यात तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला बसतो. घर ५० लाखांचं किंवा वरचं असेल तर १ टक्का टीडीएस (किमतीतून कापून सरकारात भरायचा कर) कापणार हेही आधीच बोला.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दसऱ्याला गर्दी असते. बोलणी पितृपक्षात करा, तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नाही. इसाराच्या चेकवर मात्र घटस्थापनेची तारीख टाका.