कुलुपाच्या पिना बदलताना कानस बाजूला ठेवा

नाशिकच्या गंगापूर रोडला आमचे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले असतात. भाडेकरू गेला की मी नवं सिलिंडर (कुलपाचा चावी घालायचा भाग) आणत नाही, जुन्याच्याच पिना नव्या चावीप्रमाणे बदलतो.

सिलिंडर दारातून काढा, मागची सर्क्लिप (प्लगला धरून ठेवणारी कडी) उडू न देता उतरवा. चावी किंचित फिरवून प्लग, म्हणजे चावीबरोबर फिरणारा आतला गाभा, बाहेर ढकला आणि त्याच्या पाठोपाठ तेवढ्याच जाडीची लाकडी दांडी सरकवा. मध्ये फट पडली की स्प्रिंगा फरशीवर! प्लगमधल्या जुन्या पिना ओता. इथवर पोरखेळ.

खरी गोम आहे खालच्या पिनेत. नवी चावी पूर्ण आत असताना प्रत्येक पिनेचा माथा प्लगच्या कडेशी सपाट यायला हवा. वर राहिला तर पिन बॉडीत, म्हणजे बाहेरच्या कवचात अडकते, खाली राहिला तर बॉडीतली स्प्रिंगने दाबलेली वरची पिन प्लगमध्ये उतरते. दोन्हीकडून प्लग आवळतो. ‘किटमधला रंग बघा आणि टाका’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. क्विकसेट कंपनीच्या पिनांची एक पायरी (लागोपाठच्या दोन मापांतला फरक) ०.०२३ इंच, म्हणजे ०.५८ मिमी, श्लेगची ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. तुमच्या सिलिंडरची पायरी तिसरीच असू शकते. म्हणून आधी जुनी पिन मोजा, लांबी आणि जाडी दोन्ही. त्यासाठी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हवंच. नसेल तर ओळखीत सातपूर-अंबडला टूलरूममध्ये काम करणारं कुणीतरी निघतंच, उसनं आणा.

मोजायची रीत सोपी आहे. चावी घातलेल्या प्लगची जाडी पिनेच्या शेजारी घ्या, मग पिनेच्या माथ्यावरून घ्या. समजा ५.६० मिमीची पिन ०.४० वर आली, तर तुम्हाला ५.२० ची हवी. नेमकी मिळाली नाही तर केसभर आखूड चालेल, लांब मुळीच नको. मग नख फिरवून बघा. नख अडखळलं तर पिन परत काढा.

मी यात एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. रोजच्या वापरातली झिजलेली चावी घेऊन पिना लावल्या. त्या चावीने कुलूप लोण्यासारखं फिरलं. कपाटातल्या कोऱ्या, न वापरलेल्या जोडचावीने मात्र हलेना. झिजलेले दात पिनेला कमी उचलतात, त्यामुळे निवडलेल्या पिना लांब निघाल्या होत्या. वर कुणाचा तरी सल्ला ऐकून प्लगवर कानस मारली. आमच्या भांडी बाजारात कुणालाही विचारा, पितळ किती पटकन खरवडतं! पिनेबरोबर प्लगही घासला गेला, तो सैल पडला आणि शेवटी अख्खं सिलिंडर फेकावं लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच: पिना कोऱ्या चावीवरच लावायच्या.

वरच्या पिना सहसा एकाच मापाच्या चालतात. पण खालची फार लांब असेल तर वरची आखूड टाका, नाहीतर स्प्रिंग पूर्ण दबते आणि चावी आतच जात नाही.

प्लग परत बसवताना तोही किंचित फिरवलेला ठेवा. तेल अजिबात नको, धूळ धरतं. चिमूटभर ग्रॅफाइट पुरे. आणि सगळ्या चाव्या दार उघडं ठेवून दहा-दहा वेळा फिरवून बघा. एकदा मी दार ओढून घेऊन बाहेरून बघायला गेलो आणि शेजाऱ्यांच्या गॅलरीतून घरात उतरलो.