क्षेत्रकार्यावर जाताना पेहराव कसा असावा: सोलापूर परिसरातील नव्या पुरातत्त्व अभ्यासकांसाठी

कोणी कुदळ घेऊन पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर फिरू लागले की ते गुप्तधन शोधायला आले असावे, अशी शंका गावकऱ्यांना येते. ती अवास्तव नाही. म्हणून पहिल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि जमिनीचा मालक यांना भेटायला जाताना धुतलेले, इस्त्रीचे, साधे कपडे घालावेत, संस्थेचे ओळखपत्र गळ्यात ठेवावे, परवानगीचे पत्र जवळ बाळगावे आणि बोलताना काळा चष्मा काढावा, कारण डोळे न दिसणाऱ्या माणसावर शेतकरी सहजी विश्वास टाकत नाही.

प्रत्यक्ष खोदकामासाठी मात्र वेगळा जोड हवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी आवश्यक ठरते. मानेवर ओला सोलापुरी टॉवेल ठेवल्यास मोठा आराम मिळतो, परंतु त्याची वा ओढणीची टोके लोंबकळू देऊ नयेत, कारण ती चराच्या कडेला घासून माती पाडतात. पायांत बंद बूट असावेत, मात्र तळवे सपाट असावेत. खोल नक्षीचे जड तळवे नुकताच साफ केलेला थर उखडतात. बूट रात्री बाहेर राहिले असतील तर विंचवाच्या भीतीने सकाळी झटकूनच घालावेत. अंगठ्या व बांगड्यांनी खापरांवर ओरखडे उमटतात, तर कालमापनासाठी कोळशाचा नमुना घेताना हाताला लागलेले तेल किंवा क्रीम त्यात मिसळू शकते.

सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल या गावी संगमेश्वर मंदिरातील शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी शिलालेख पाहायला जाताना हे नियम बदलतात. तेथे आजही पूजा होते, म्हणून सहज काढता येतील अशी पादत्राणे आणि अंग झाकणारे स्वच्छ कपडे घालावेत, आणि आपण अभ्यासाला आलो आहोत हे पुजाऱ्यांना आधी सांगावे.

अधिकारी बुटांत आणि मजूर बाया अनवाणी, असे दृश्य मला सर्वांत अशोभनीय वाटते. मोहिमेच्या अंदाजपत्रकात मजुरांचे बूट, टोप्या आणि हातमोजे यांची रक्कम सुरुवातीलाच धरावी.