सिंबल घासायचे की नाही?

आधी हे ठरवा की खरंच गरज आहे का, कारण बरेच ड्रमर मुद्दाम सिंबल, म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या गोल थाळ्या, पुसत नाहीत, वर्षानुवर्षं चढलेल्या त्या काळपट थरामुळे आवाज जरा डार्क आणि दबका होतो आणि तोच त्यांना हवा असतो. तुम्हाला चकचकीत, मोकळा आवाज हवा असेल तर मात्र साफ ठेवा.

रोजचं काम एवढंच, वाजवून झालं की कोरड्या मऊ कापडाने बोटांचे डाग पुसायचे, घाम तसाच राहिला तर पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल तर, हिरवे ठिपके येतातच. जास्त मळलं असेल तर सिंबल स्टँडवरून काढून टॉवेलवर ठेवा, कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि कापड सिंबलवरच्या गोल खाचांच्या दिशेनेच फिरवा, आडवं नाही. मग धुऊन लगेच कोरडं करा.

आता घरातल्या मंडळींना आवरा! सिंबल म्हणजे देव्हाऱ्यातली समई नव्हे, पितांबरी, चिंच, लिंबू काही लावायचं नाही, तारेची घासणी तर अजिबातच नको. चांगले सिंबल बहुतेक ब्राँझचे असतात, बी२० म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, आणि काहींवर वरून लॅकर, म्हणजे पातळ संरक्षक लेप, असतं. पॉलिशने ते लॅकर आणि छापलेला लोगो दोन्ही जातात, मग विकायला काढलात की भाव पडलाच. बफिंग मशीनही नको, तापलं की धातूचा टेंपर, म्हणजे कडकपणा, बिघडू शकतो.

आणि हो, काढलंच आहे तर स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी बघून घ्या, फाटली असेल तर बदला, नाहीतर सिंबलचं मधलं भोक झिजत जातं.