टपाची गाडी घ्यायची तर आधी दाराखाली वाका

इंग्लंडात स्थायिक झालेला आपला माणूस पन्नाशीला आला की बागेत मिरच्या-वांगी लावतो, नाहीतर कापडी टपाची जुनी गाडी शोधू लागतो. दुसऱ्या प्रकारचे लोक मला फोन करतात. ‘अमक्या गावात एका आजोबांच्या गॅरेजात एमजीबी पडून आहे, वीस-पंचवीस वर्षं हललेली नाही, स्वस्तात देतायत, घेऊ का?’ एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची कापडी टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. मी मूळचा मिरजेचा. मामांच्या गॅरेजमध्ये ॲम्बॅसडर टॅक्स्यांखाली आडवा पडून काम शिकलो, आता कॉव्हेंट्रीजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी हीच हौस करतो. फोनवर तेच तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पहिलीच जुनी गाडी करायची असेल तर एमजीबी घ्या, या मताचा मी आहे. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डनच्या कारखान्यात बंद टपाची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. शिवाय तिचं 1798 सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचं सख्खं भावंड. ज्याने ॲम्बॅसडरचं हेड उतरवलंय, टॅपेट लावलेत, त्याला इथे काहीही परकं वाटणार नाही. मामा म्हणायचे, या इंजिनाला पाना आणि संयम लागतो, डोकं फारसं लागत नाही.

म्हणूनच इंजिनाकडे शेवटी बघायचं. विकणारा नेमका उलटं करतो. तो आधी बॉनेट उघडतो, ‘लावली तेव्हा मस्त चालत होती हो’ म्हणतो, आणि आपण कार्ब्युरेटर बघत बसतो. तुम्ही विकत घेताय तो पत्रा. बाकी सगळं बोल्ट सोडून काढता येतं आणि बोल्ट आवळून बसवता येतं.

दाराखालची पेटी

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. आणि वर टप पत्र्याचा नाही. झाकण काढलेलं बुटाचं खोकं दोन्ही टोकांना धरून उचललं की मध्ये वाकतं, तसं हिचं होऊ नये म्हणून सगळा भार दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पेट्यांवर टाकलेला आहे. इथे त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खालून जाणारी कॅसल रेल, असे थर. पुढच्या मडगार्डच्या आत वर्षानुवर्षं चिखल साठतो, तो ओल धरून ठेवतो, पेटी आतून कुजते. बाहेरून रंग चकचकीत असतो.

बघायला जाताना टॉर्च, फ्रिजवरचा साधा चुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, आपला स्वतःचा जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि खाली टाकायला जुनी चादर घ्या. मालकाला विचारल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर कुठे टोचू नका. इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण सौदा तिथेच संपतो.

आधी गाडी चार चाकांवर उभी असताना दाराची मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये खचली आहे. मग सिलखालच्या जॅकच्या जागेवर जॅक लावून हळूहळू उचला. जॅक पत्र्यात घुसायला लागला तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं. नाही घुसला तर चाक जमिनीवरून सुटल्यावर दार उघडून पुन्हा लावून बघा. चौकट सरळ असेल तर दार पूर्वीसारखंच लागतं. ते अडकलं, किंवा फट डोळ्यांना दिसेल इतकी बदलली, तर पेटीत जीव उरलेला नाही. वाकून बघायचं असेल तर घोडी लावूनच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

फसवाफसवी इथेच होते. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता वरून चढवून वेल्ड मारतात, त्यावर पुट्टी, त्यावर काळा जाड रंग. ओळखायचं असं: पुढच्या मडगार्डचा खालचा मागचा कोपरा आणि सिल हे दोन वेगळे पत्रे आहेत, त्यांच्यामध्ये सांध्याची रेघ दिसली पाहिजे. तिथे गुळगुळीत असेल तर कुणीतरी पुट्टी भरलीय. चुंबक सिलच्या पूर्ण लांबीवरून फिरवा आणि मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात जास्त वेळ द्या. जुन्या गाडीच्या बॉनेटला चुंबक चिकटला नाही तर मात्र दचकू नका, सुरुवातीच्या काळात बॉनेट ॲल्युमिनियमचंच असायचं.

त्यानंतर सीटमागचं झाकण उचला. 1974 पर्यंतच्या गाड्यांना सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे खाली टांगलेल्या असत. ॲसिड गळून त्या खोक्यांचा पत्रा खाल्लेला असतोच, ते दुरुस्त करणं सोपं आहे. पण त्याच भागात मागच्या कमानपाट्यांचं पुढचं टोक बॉडीला धरलेलं असतं. तो पत्रा मऊ लागला तर किंमत निम्म्यावर आणा किंवा नमस्कार करून निघा. पायाखालचे गालिचे उचला, फरशीच्या कडा दाबून बघा. पुढच्या मडगार्डची वरची कड, हेडलाइटमागची बाजू, हे सगळं कुजलेलं असलं तरी मडगार्ड बोल्टने बसतं, नवं मिळतं. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं, म्हणून मागचा गंज पुढच्या गंजापेक्षा महाग.

अगदीच हाताबाहेर गेलेल्या गाडीसाठी 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी मूळ साच्यांवर नवीन अख्खी बॉडी बनवून देते. पण तिची किंमत ऐकलीत की आधी घेतलेली ‘स्वस्त’ गाडी का स्वस्त होती ते कळतं.

आता बॉनेट उघडा

मालकाला एकच प्रश्न शांतपणे विचारा: गाडी लावून का ठेवली? पोरं झाली, घर बदललं, गुडघे गेले, अशी उत्तरं येतात. खरं उत्तर बऱ्याचदा जुन्या एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीच्या, कागदावर असतं: ‘सिल कुजलं, वेल्डिंग करा’. तो कागद मागून घ्या.

इंजिन सुरू करून दाखवा असा हट्ट धरू नका, कुणी उत्साहाने बॅटरी आणली तर थांबवा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरला गंजाचा थर असतो. स्टार्टरने फिरवलं की रिंगा तुटतात. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, थोडी पुढे-मागे ढकला आणि पंख्याच्या पुलीकडे बघा. पुली हलली तर फारच छान. नाही हलली तर घाबरून पळायचं कारण नाही, फक्त भावात ते दिसलं पाहिजे. घरी आणून प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतायचं, काही दिवस भिजू द्यायचं, मग पुलीच्या नटवर पाना लावून हाताने हळूच दोन्ही बाजूंना. ही इंजिनं बहुतेकदा सुटतात.

थंडीचा विचार मात्र करा. रेडिएटरचं झाकण उघडून आत काय आहे ते बघा. अँटिफ्रीझ न घालता साधं पाणी ठेवून गाडी हिवाळ्यात उभी असेल तर ब्लॉक तडकलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या बाहेर आल्यात का, खाली गंजाच्या पाण्याचे ओघळ आहेत का, टॉर्चने बघा. मिरजेत हा रोग आम्ही पाहिलाच नव्हता.

1964 च्या शेवटापर्यंतच्या इंजिनात क्रँकला तीन मेन बेअरिंग, नंतर पाच. पाचवालं जास्त दणकट. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेला जादा वरचा गिअर, असेल तर मोटरवेवर मोठा फरक पडतो, आणि बंद गाडीत तो चालवून बघता येत नाही. पण जुन्या गाड्यांच्या इंजिन नंबरात ‘यू-एच’च्या जागी ‘आरयू-एच’ असेल तर गाडी ओव्हरड्राइव्हसह निघाली होती. इंजिन मध्येच बदललेलं असू शकतं, म्हणून गिअरबॉक्सखाली वाकून खात्री करा. 1967 च्या आधीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. बॅटरी जोडणाऱ्या अतिउत्साही मेव्हण्याला हे आधी सांगून ठेवा.

ब्रेक, होसपाइप, टायर यांची तपासणी करण्यात वेळ घालवू नका. सगळं नवं लागणार हे धरूनच हिशेब करा. टायरवरचा तारखेचा आकडा चारऐवजी तीन अंकी असेल तर तो टायर 2000 च्या आधीचा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल, तेही नेहमीचंच. पेट्रोलची टाकी डिकीखाली असते आणि ती वरून सडते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्या फटीत चिखल बसतो. खालून ठणठणीत दिसली म्हणून हुरळून जाऊ नका.

टपाचं कापड फाटलेलं असणारच, नवं मिळतं. लोखंडी सांगाडा पूर्ण आहे का ते बघा आणि तो उघडून-मिटून बघा. काही गाड्यांचा सांगाडा घडी होऊन मागे बसतो, काहींचा सुटा काढून डिकीत ठेवावा लागतो. हा दुसरा प्रकार वीस वर्षांत हमखास माळ्यावर कुठेतरी जातो आणि कुणालाच आठवत नाही. कुणी आधीच गाडी खोलून भाग खोक्यांत भरून ठेवले असतील तर पुढच्या काचेची चौकट, सीटचे सांगाडे, दारांची कुलपं, क्रोमच्या पट्ट्या एकेक करून हातात घेऊन बघा. ‘सगळं आहे’ या वाक्यावर मी एक पौंडही देत नाही.

1974 च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांमुळे क्रोमऐवजी काळे जाड बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच उंच झाली. शौकीन लोक नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्त मिळतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. अमेरिकेच्या कोरड्या राज्यांतून परत आणलेल्या गाड्यांचा पत्राही पुष्कळदा उत्तम असतो, फक्त स्टिअरिंग डावीकडे.

कागद

बॉनेटखालच्या पाटीवरचा चासी नंबर आणि व्ही5सीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) नंबर अक्षर-अक्षर जुळवा. जीएचएन म्हणजे उघडी दोन सीटांची, जीएचडी म्हणजे जीटी, पुढे एल असेल तर डाव्या स्टिअरिंगची. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून या नंबरावर प्रमाणपत्र मिळतं, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या देशासाठी निघाली ते कळतं. सौद्याआधी ते मिळालं तर हिरव्या रंगाखाली मुळात लाल गाडी आहे का, हा वाद मिटतो. एमओटीचा इतिहास इंटरनेटवर फुकट दिसतो, पण फार पूर्वी लावून ठेवलेल्या गाडीचं पान कोरंच निघेल.

सगळ्या एमजीबी आता चाळीस वर्षांच्या पुढच्या, त्यामुळे मोठे फेरफार केलेले नसतील तर रस्त्याचा टॅक्स शून्य आणि एमओटीची सक्ती नाही. तरीही गाडी तयार झाली की एमओटी करून घ्या. दुसऱ्या माणसाने खालून बघितलेलं बरं असतं.

घरी आणताना आणि आणल्यावर

ट्रेलर विंचचा घ्या. ब्रेक धरलेले असतात, ढकलून चढवायला चार माणसं पुरत नाहीत. मागच्या ड्रमचे ॲडजस्टर आधी सैल करा, हँडब्रेकची केबल सोडा.

घरी आल्यावर पहिलं काम टाकी रिकामी करणं. नवं पेट्रोल घालाल तेव्हा ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) टाळा, जुन्या रबराला ते मानवत नाही. बॅटरी जोडल्यावर गाडीतल्या पेट्रोल पंपाची टकटक ऐकू आली नाही तर उजव्या मागच्या चाकाजवळच्या त्या एसयू पंपाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. आत पॉइंट चिकटलेले असतात, बऱ्याचदा एवढ्यावर तो जागा होतो.

सिल कापायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून, किंवा बिजागरी आणि कुलपाच्या जागी बोल्टने बसवून घ्या. मग एकच बाजू कापा, ती पूर्ण करा, त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावा. नवा सिल पक्का वेल्ड करण्याआधी दार टांगून फट बघा. पुन्हा बघा. चार टाके मारा आणि परत बघा. दोन्ही बाजू एकदम कापलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यांची दारं नंतर कधीच नीट लागली नाहीत, आणि पुढचा गिऱ्हाईक तुमच्याहून शहाणा असेल तर तो आधी तीच फट बघणार.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, गाडी दारात उतरली त्याच दिवशी, स्वतःच्या नावाने सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर आणत नाही अशी सरकारी नोंद, करून टाका. आधीच्या मालकाने केलेलं सॉर्न गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, आणि डीव्हीएलएचं (इथल्या वाहन नोंदणी खात्याचं) दंडाचं पत्र नवीन पत्त्यावर अगदी बिनचूक पोचतं.